'काही नाही, नंतर सांगते': कमी ऐकू येणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

घरातील एखाद्याला कमी ऐकू येऊ लागले की कानाच्या आधी त्याच्या स्वभावाचे निदान होते. "हल्ली ते कोणाशी बोलतच नाहीत", "आईचा हेकटपणा वाढलाय", "त्यांना पाहिजे ते बरोबर ऐकू येतं" ही वाक्ये बहुतेक घरांत कानाच्या डॉक्टरांची पायरी चढण्यापूर्वी कित्येक वर्षे बोलली जातात. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणत असू, लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांच्या विभागात होते. मागांच्या खडखडाटात तीस वर्षे काढल्यावर त्यांचे कान गेले, आणि आम्ही मुलांनी त्यांना तिरसट ठरवून टाकले. पंचावन्नाव्या वर्षी माझेच कान मंदावले, तेव्हा तो तिरसटपणा कशाचा होता हे मला आतून कळले. पुढील सूचना या दोन्ही बाजूंनी राहून सुचलेल्या आहेत. त्यांतील काही ज्याला कमी ऐकू येते त्याच्यासाठी आहेत, पण जास्त त्याच्याबरोबर राहणाऱ्यांसाठी आहेत, कारण बदलता येण्यासारखे पुष्कळसे त्यांच्याच हातात असते.

आधी हे समजून घ्या: ऐकू येते, पण कळत नाही

वयोमानाने किंवा सततच्या गोंगाटाने येणाऱ्या श्रवणदोषात साधारणपणे वरच्या पट्टीतील ध्वनी आधी जातात. बोलण्यातील स्वरांचा जोर खालच्या पट्टीत असतो, तर स, श, च, ट, थ अशा व्यंजनांचा बराचसा भाग वरच्या पट्टीत असतो. त्यामुळे कोणीतरी बोलत आहे हे कळते, वाक्याचा चढउतारही कळतो, पण शब्दांच्या कडा पुसल्या जातात. भाजीवाला 'पंचवीस' म्हणाला की 'पस्तीस', हे त्याच्या तोंडाकडे पाहिल्याशिवाय ठरत नाही. त्यात मराठीची एक अडचण अशी की आपले क्रियापद आणि नकार वाक्याच्या शेवटी येतात आणि बोलताना शेवटीच आवाज खाली जातो. "मी उद्या ठाण्याला जाणार" इथपर्यंत सगळे नीट पोहोचते, मात्र पुढे 'आहे' होते की 'नाही', हे हवेत विरून जाते. मग दुसऱ्या दिवशी "मी काल सांगितलं होतं ना!" यावरून भांडण होते, आणि दोघेही आपापल्या जागी खरे असतात.

यातूनच घरातला एक नाजूक गैरसमज निर्माण होतो. पुरुषाचा भरदार आवाज तुलनेने खालच्या पट्टीत असल्यामुळे तो बरा पोहोचतो, तर बायकांचा आणि लहान मुलांचा बारीक आवाज आधी हरवतो. परिणामी सासऱ्यांना मुलाचे बोलणे कळते आणि सुनेचे कळत नाही. त्यामागे कानाचा आलेख, म्हणजे कोणत्या पट्टीतले किती ऐकू येते याचे श्रवणचाचणीतून मिळणारे चित्र, असतो हे कोणाच्या ध्यानात येत नाही, सुनेला तो अपमान वाटतो आणि नातवंडे आजोबांशी बोलायची हळूहळू थांबतात. तुमच्या घरी असे होत असेल तर मने दुखावण्यापूर्वी एकदा श्रवणचाचणी करून घ्या आणि तो आलेख सगळ्यांसमोर ठेवा. आमच्याकडे त्या एका कागदाने जेवढे वाद मिटले, तेवढे माझ्या खुलाशांनी कधी मिटले नव्हते.

"नको तेव्हा बरोबर ऐकू येतं" या आरोपाचेही उत्तर इथेच आहे. सकाळी, शांत खोलीत, समोरासमोर आणि परिचित विषयावर बोलले तर बहुतेक वाक्ये समजतात. संध्याकाळी मिक्सर चालू असताना, पाठमोरे राहून, अचानक नव्या विषयावर बोलले तर तोच माणूस ठार बहिरा भासतो. यात लबाडी नसते. तुटक ऐकू आलेल्या शब्दांमधल्या मोकळ्या जागा मेंदूला सतत अंदाजाने भराव्या लागतात आणि त्या कामाने माणूस दिवसअखेर अक्षरशः दमतो. आप्पा रात्रीच्या जेवणात का चिडत, याचे कारण मला फार उशिरा समजले.

ज्याला कमी ऐकू येते त्याने: 'हो, हो' म्हणणे थांबवा

न कळताच मान डोलावणे ही या व्यथेतली सर्वांत सहज लागणारी सवय आहे. दोनदा "काय?" विचारून झाल्यावर तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटते, म्हणून आपण हसतो आणि 'हो, हो' म्हणतो. हे सौजन्य महागात पडते. एकदा माझ्या हातून असे झाले की धाकट्या बहिणीने फोनवर तिच्या यजमानांच्या शस्त्रक्रियेची तारीख सांगितली आणि मी "वा, छान, छान!" असे उत्तर दिले. ती काही बोलली नाही, पण पुढचे दोन महिने तिचा फोन आला नाही. तेव्हापासून मी एक नियम पाळतो: कळले नसेल तर कळले नाही असेच म्हणायचे.

मात्र ते म्हणण्याचीही रीत आहे. नुसते "काय?" म्हटले की समोरचा तेच वाक्य, त्याच पद्धतीने, थोडे चिडून पुन्हा म्हणतो. त्याऐवजी जेवढे कळले तेवढे बोलून दाखवा आणि उरलेले विचारा: "शनिवारी जायचं ते कळलं, पण कुठे?" यामुळे समोरच्याला एकच शब्द द्यावा लागतो आणि तुम्ही लक्ष देऊन ऐकत होता हेही त्याला दिसते.

दुसरी गोष्ट म्हणजे आधीच सांगून टाकणे. "मला जरा कमी ऐकू येतं" एवढ्यावर थांबू नका, कारण त्यावर लोक फक्त आवाज चढवतात. त्यांनी काय करावे ते सांगा: "माझा डावा कान कमी आहे, उजवीकडे बसा", "तोंडासमोरचा हात काढाल का, ओठ दिसले की मला कळतं." चष्मा लावताना आपण कोणाची माफी मागत नाही, पण कानाच्या बाबतीत अपराध्यासारखे बोलतो. वास्तविक जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगात सुमारे ४३ कोटी लोकांना श्रवणदोषासाठी उपचार किंवा पुनर्वसनाची गरज आहे. चर्चगेटहून सुटणाऱ्या कोणत्याही गर्दीच्या डब्यात आपल्यासारखे अनेक जण उभे असतील, फक्त तेही मान डोलावत असतील.

संशयाविषयी थोडे स्पष्ट लिहितो, कारण त्याबद्दल सहसा कोणी बोलत नाही. दोन माणसे हळू बोलताना दिसली आणि त्यांतील एकाने आपल्याकडे पाहिले, की ती आपल्याविषयीच बोलत आहेत असे वाटू लागते. हा विचार मनात आला की त्याला तिथेच प्रश्नाचे रूप द्या. "माझ्याबद्दल काही चाललंय का?" हे हसून विचारता येते. दहापैकी नऊ वेळा गॅस सिलिंडरचा विषय निघतो, आणि दहाव्या वेळी निदान खरे काय ते कळते.

घरच्यांनी: 'नंतर सांगते' हे शब्द काढून टाका

पंगत बसली आहे, कोणीतरी काहीतरी बोलते, सगळे खळखळून हसतात. ज्याला ऐकू आलेले नाही तो एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहतो, अर्धवट हसतो आणि शेजारणीला विचारतो, "काय झालं?" ती घास चावता चावता म्हणते, "काही नाही, नंतर सांगते." तो 'नंतर' कधी येत नाही. सांगणारीच्या दृष्टीने ती खरोखरच क्षुल्लक गोष्ट असते, पण घरातला जिव्हाळा अशा क्षुल्लक गोष्टींवरच उभा असतो. औषधाची वेळ आणि विजेचे बिल त्याला सगळे आवर्जून सांगतात, मात्र विनोद कोणी सांगत नाही, आणि मग तो माणूस घरात राहूनही बातम्यांपुरता उरतो. म्हणून नियम असा करा की विचारल्याबरोबर एका वाक्यात सांगायचे: "बंड्याने चहात मीठ घातलं." विनोद शिळा झाला तरी चालेल. माझ्या सुनेने ही जबाबदारी आपण होऊन घेतली आहे आणि ती सांगताना मूळ विनोदात थोडी भर घालते, असा मला दाट संशय आहे.

बोलण्याच्या पद्धतीत करायचे बदल साधे आहेत, पण सवय व्हायला महिने लागतात. आधी नाव घेऊन हाक मारा, नजर वळल्यावरच मुद्दा सुरू करा. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत हाकारून बोलू नका. कुकरच्या शिट्टीत आणि एक्झॉस्टच्या घरघरीत धडधाकट कानांनाही ते नीट कळत नाही. बोलताना उजेड तुमच्या चेहऱ्यावर पडला पाहिजे. खिडकीकडे पाठ करून उभे राहिलात तर ओठ अंधारात जातात. विषय बदलताना तो बदलल्याचे सांगा: "आता लग्नाचं बोलतोय." एखादे वाक्य दोनदा सांगूनही कळले नाही तर तिसऱ्यांदा शब्द बदला, कारण अडचण बहुधा एखाद्याच शब्दात असते.

आणि ओरडू नका. मंद कानाची एक विचित्र गोष्ट अशी की हळू आवाज ऐकू येत नाही, पण मोठा आवाज मात्र इतरांइतकाच, कधी अधिकच, टोचतो. ऐकू येण्याची पातळी वर सरकते, सहन होण्याची पातळी मात्र तिथेच राहते, त्यामुळे दोहोंमधली जागा अरुंद होते. "जरा मोठ्याने बोल" आणि लगेच "ओरडतोस कशाला!" ही दोन्ही वाक्ये एकाच मिनिटात येतात ती यामुळे. शिवाय ओरडताना ओठांचा आकार बिघडतो, चेहरा रागीट दिसतो, आणि ज्याला शब्द कळत नाहीत तो चेहराच वाचतो. नेहमीच्या आवाजापेक्षा किंचित मोठे, थोडे संथ आणि वाक्य संपेपर्यंत दम टिकवून बोलणे, एवढे पुरते.

डॉक्टरांसमोर, बँकेत किंवा पाहुण्यांसमोर त्याच्या वतीने उत्तर देण्याचा मोह आवरा. "त्यांना ऐकू येत नाही, मला सांगा" या वाक्याने काम लवकर होते, पण माणूस खुर्चीवर असून नसल्यासारखा होतो. प्रश्न त्याच्याकडे पाहून पुन्हा म्हणा आणि उत्तर त्यालाच देऊ द्या.

आप्पांविषयीची एक आठवण इथे सांगितली पाहिजे. घरात दिवसभर गप्प असणारे आप्पा रविवारी चाळीच्या गॅलरीत साचेखात्यातले जुने सोबती आले की पत्ते खेळताना तासन्‌तास बोलत असत. ते चौघेही गोल करून, तोंडासमोर तोंड ठेवून बसत, हातवारे करत, एका वेळी एकच जण बोले आणि कोणालाही पुन्हा विचारण्याची लाज नसे. मागांच्या आवाजात काम करताना लागलेली ती सवय होती. आप्पांचे कान तिथे काही चांगले होत नसत. ती बैठक फक्त त्यांच्या कानांना सोयीची होती. घरात तशी बैठक मांडणे आम्हाला अशक्य नव्हते, आम्हाला ते सुचले नाही.

घराबाहेर पडताना

मुंबईत शांत जागा शोधणे म्हणजे समुद्रात गोडे पाणी शोधण्यासारखे आहे, म्हणून जागेपेक्षा बसण्याची जागा निवडावी. उडपी हॉटेलात कोपऱ्यातले टेबल घ्या आणि भिंतीकडे पाठ करून बसा, म्हणजे मागचा गलका कमी होतो आणि समोरच्यांचे चेहरे दिसतात. सोसायटीच्या सभेत पहिल्या रांगेत बसा आणि विषयपत्रिका आधी वाचून जा, कारण विषय माहीत असला की निम्मे शब्द अंदाजाने जुळतात. लग्नाच्या हॉलमध्ये बँड आणि स्पीकर यांच्यापुढे कोणतेही श्रवणयंत्र फारसे चालत नाही, हे आधीच मान्य करा. तिथे सगळ्यांशी बोलण्याचा हट्ट सोडून एकेकाला बाहेरच्या व्हरांड्यात गाठा. समारंभ टाळूच लागलात तर मात्र सावध व्हा. आज लग्न, उद्या बारसे, परवा भजनी मंडळ असे करत माणूस घराच्या चार भिंतींत कधी मिटतो ते कळत नाही. तासभर जाऊन परत येणे हे न जाण्यापेक्षा केव्हाही बरे.

लोकलमध्ये डब्यातला फलक पाहता येतो, पण प्लॅटफॉर्म ऐनवेळी बदलल्याची घोषणा आपल्यापर्यंत पोहोचत नाही. इंडिकेटर दिसेल अशा ठिकाणी उभे राहा, आणि गर्दी अचानक जिन्याकडे वळली तर शेजारच्याला विचारा. रूळ ओलांडणे सर्वांसाठीच धोक्याचे आणि बेकायदा आहे, पण ज्याला भोंग्याची दिशा कळत नाही त्याच्यासाठी तो थेट मृत्यूशी खेळ आहे. विशेषतः एकच कान चांगला असेल तर आवाज कुठून आला हे ठरवता येत नाही, त्यामुळे रस्त्यावरही डोळ्यांवरच भिस्त ठेवावी.

फोनवरचे बोलणे सर्वांत अवघड, कारण तिथे ओठ नाहीत. महत्त्वाचे निरोप लिहून पाठवायला सांगा. अनोळखी माणूस बँकेचे नाव सांगून घाईने काही विचारू लागला, तर नीट ऐकू न येणे हेच फोन ठेवण्याचे पुरेसे कारण समजा.

तपासणी, यंत्र आणि पावसाळा

एक गोष्ट तातडीची आहे. एका कानाने अचानक, म्हणजे काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत ऐकू येईनासे झाले तर 'मळ असेल' म्हणून थांबू नका. त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या तज्ज्ञांकडे जा. अशा प्रकारात उपचार जितक्या लवकर सुरू होतात तितकी ऐकणे परत येण्याची शक्यता जास्त असते. हळूहळू कमी होणाऱ्या ऐकण्यासाठीही चाचणी लांबवू नये. वांद्रे रेक्लमेशन येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून याच क्षेत्रात काम करते, आणि महापालिकेच्या नायर रुग्णालयातही श्रवण व वाचा विभाग आहे. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यानुसार दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्टीत ऐकण्यात ६० ते ७० डेसिबल (आवाजाच्या तीव्रतेचे माप) तूट असेल तर व्यक्ती 'कमी ऐकू येणारी' आणि ७० डेसिबल वा अधिक असेल तर 'कर्णबधिर' गणली जाते. त्याखालील तूट असणाऱ्यांना प्रमाणपत्र मिळाले नाही तरी त्यांचा त्रास खोटा ठरत नाही.

श्रवणयंत्राकडून चष्म्यासारखी अपेक्षा ठेवू नका. चष्मा घातला की लगेच स्पष्ट दिसते. यंत्र लावले की पहिल्या दिवशी पंख्याची घरघर, वर्तमानपत्राची सळसळ आणि स्वतःचाच पिंपात बोलल्यासारखा आवाज अंगावर येतो. वर्षानुवर्षे न ऐकलेल्या आवाजांची मेंदूला पुन्हा ओळख करून घ्यावी लागते. आधी घरात, शांत वेळी, एकेका माणसाशी बोलताना दोन-तीन तास लावा, मग वेळ वाढवा, आणि काय टोचते ते लिहून ठेवून यंत्र जुळवून घ्यायला परत जा. दोन-तीन भेटी लागणे हे अपयश नव्हे. कपाटात पडलेली बहुतेक यंत्रे पहिल्याच आठवड्यात तिथे गेलेली असतात, असे माझे ओळखीपाळखीतले निरीक्षण आहे.

बारीक गोल बॅटरीवरचे रंगीत स्टिकर काढल्यावर ती लगेच बसवू नका. दोन-तीन मिनिटे उघडी ठेवा, कारण ती हवेतील प्राणवायूवर चालते आणि पुरेशी हवा आत गेल्यावरच तिचा पूर्ण जोर येतो. स्टिकर काढलेली बॅटरी न वापरताही संपत जाते, म्हणून चार-चार स्टिकर एकदम काढू नयेत. जून ते सप्टेंबर या काळात घाम आणि दमट हवा यंत्राच्या मुळावर येतात. रात्री यंत्र कोरड्या फडक्याने पुसून, बॅटरीचे दार उघडून, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत ठेवा. आमच्या घरी ती डबी देव्हाऱ्याशेजारी असते, त्यामुळे ती कोणी हलवत नाही.

यंत्राने स्मृतिभ्रंश टळतो, अशा जाहिराती हल्ली दिसतात. अमेरिकेत झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत सरसकट सर्व सहभागींमध्ये बौद्धिक घसरणीत तसा फरक आढळला नाही. मात्र ज्यांना आधीच धोका अधिक होता अशा वृद्धांमध्ये तीन वर्षांत बौद्धिक घसरण सुमारे ४८ टक्क्यांनी कमी दिसली. भीतीपोटी यंत्र घेण्याची गरज नाही, नातवाचे बोलणे कळावे हे कारण पुरेसे आहे.

मन खचले तर

ऐकणे कमी झाल्याचे दुःख हे खरोखरीचे दुःख आहे. गेलेल्या आवाजांसाठी रडू आले तर "वयाचंच आहे, सगळ्यांना होतं" असे म्हणून ते झटकू नका. मात्र झोप उडाली, जेवणावरची वासना गेली, आवडीचे कार्यक्रमही नकोसे झाले आणि हे दोन आठवड्यांहून जास्त टिकले, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. शासनाची टेलि-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे. ज्याला फोनवर ऐकू येत नाही त्याला फोनची मदत सुचवणे विपरीत आहे हे मला कळते, म्हणून घरच्या कोणीतरी स्पीकर लावून शेजारी बसावे आणि समोरचा काय म्हणाला ते कागदावर लिहून दाखवावे. प्रत्यक्ष भेटीला जाताना मोबाइलवर बोललेले मराठीत लिहून दाखवणारे अ‍ॅप चालू ठेवा, आणि डॉक्टरांनी मास्क लावला असेल तर पहिले वाक्य हेच सांगा की ओठ दिसत नाहीत, थोडे दूर बसून मास्क उतरवता येईल का. आतापर्यंत मला एकाही डॉक्टरांनी नाही म्हटलेले नाही. एकदा एका परिचारिकेने मात्र मास्क न काढता कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिले, "चहा घेणार का?"